वेशीतला भोंगा

१४ सप्टेंबर १९५७, शनिवार. चिंचवड

ट्रक ठोकला. आधी हे लिहून मोकळा होतो, मग बाकीचं.

सकाळी चाकणच्या बाजारातून कांद्याची पोती भरली. आमचा ड्रायव्हर मालोजी थंडीतापानं पडलाय, म्हणून चाक माझ्याच हातात होतं. लायसन मिळून फार दिवस झाले नाहीत. मालोजी शेजारी नसताना भरला ट्रक आणायची ही पहिलीच खेप. नेहमीचा रस्ता मोशी-भोसरीवरून. मी मुद्दाम आळंदीवरून चऱ्होलीकडं वळवला. चऱ्होली माझी सासुरवाडी. जावई स्वतः ट्रक हाकत वेशीतून जातोय, हे चार माणसांनी बघावं एवढीच हौस. हौसेला मोल नाही म्हणतात ते मला आता पटलं.

चऱ्होलीच्या अलीकडं रस्त्याचं काम चाललंय. कडेला खडी दाबायचा रोलर उभा होता. नुसता उभा. हलत नव्हता की डुलत नव्हता, आणि मी जाऊन नेमका त्यालाच धडकलो. रेडिएटर फुटला, बॉनेटची घडी झाली, पुढच्या चाकांचा कणा वाकला. रोलरवाला बाभळीखाली भाकरी खात होता. तो हातातला घास तसाच ठेवून उठला, आधी रोलरभोवती एक चक्कर मारून कुठं ओरखडा आलाय का बघितलं, आणि मग मला म्हणाला, "येवढं मोठं धूड हाय, दिसलं न्हाई व्हय?"

ओठ फुटला, बाकी मी धड आहे. निम्मी वाट पायी आणि निम्मी कुणाच्या सायकलच्या दांडीवर बसून घरी आलो.

घरात रतननं विचारलं, "कसं झालं हो?" मी म्हटलं, तुझ्या वडिलांचीच बैलगाडी पुढं होती. हौशा बैल भोंग्याला बुजला, गाडी आडवी आली, तिला वाचवायला गेलो आणि रोलरवर आदळलो.

"हौशा बुजला?" ती म्हणाली.

"हो."

"आपला हौशा?"

दोनदा विचारलं. मग माझ्या ओठाला हळद लावली आणि भांडी घासायला निघून गेली.

१५ सप्टेंबर, रविवार

सकाळी बबनराव चाकणहून आले. ट्रकमध्ये त्यांची निम्मी भागी. देहूरोडच्या लष्करी लिलावात आम्ही दोघांनी मिळून तो घेतला. ते बाजारातले अडते, माणूस मोठ्या तोंडाचा. त्यांनाही मी तेच सांगितलं, बैल बुजला. सांगताना आणखी रंग भरला. बैलाच्या तोंडाला फेस होता, डोळे पांढरे केले होते. बबनराव म्हणाले, "म्हणून मी म्हणतो ज्योतीराव, रस्त्यावर बैल म्हणजे ब्याद." ट्रकमध्ये अडकलेला कांदा उचलायला त्यांनी बैलगाड्याच लावल्या, ते सोडा.

ते गेले आणि मला चैन पडेना. कालचं पान वाचलं. रतनला जे सांगितलं ते लिहिलंय, पण जे झालं ते लिहिलेलं नाही. स्वतःच्या वहीतही माणूस कसा कुशीवर वळून झोपतो बघा.

झालं ते असं. मामांची, म्हणजे सासऱ्यांची गाडी मी लांबूनच ओळखली. हौशाच्या पाठीवरचा पांढरा पट्टा ओळखला. आमचा भोंगा पितळी, रबरी फुग्याचा, पुण्याच्या जुन्या बाजारातून मी हौसेनं आणलेला. दाबला की म्हातारी माणसं रस्ता सोडून शेतात उतरतात, आणि मला, खरं सांगतो, ते बघायला आवडतं. मी ट्रक गाडीच्या अगदी पाठीशी नेला आणि भोंगा वाजवला. मामांचा नावाजलेला बैल कसा उडी मारतो ते बघायचं होतं. मामांनी "हां, हां" म्हणून गाडी सावकाश कडेला घेतली. मी पुढं निघालो आणि बैल अजून तरी उधळलाय का, ते बघायला मान मागं वळवली. तो उधळला नव्हता. कडेचं गवत खात होता. तेवढ्यात पुढं रोलर आला. मामांची गाडी तिथवर पोचायच्या आत मी तोंड चुकवून पायी घरची वाट धरली.

म्हणजे बैल बुजला म्हणून नाही, बुजला नाही म्हणून मी ठोकला.

हे कुणाला सांगायचं? आणि सांगून काय उपयोग? बैलाला काय त्याचं. त्याला काही चाकणच्या बाजारात तोंड दाखवायचं नाही.

रतन रोज ताट वाढलं की "जेवायला या" म्हणून हाक मारते. आज हाक आली नाही. पाटाशी ताट ठेवल्याचा आवाज झाला, त्यावरून ओळखलं. माहेरच्या बैलाचा किती तो पुळका!

१७ सप्टेंबर, मंगळवार

आज फजिती झाली. पिंपरीला कारखान्यांची बांधकामं चाललीत, तिथल्या एका ठेकेदाराच्या हातापाया पडून त्याची लॉरी आणली. तारेचा दोर लावला, लॉरीनं हिसका दिला आणि दोर तुटला. दुसरा लावला तर लॉरीचीच मागची चाकं काळ्या मातीत रुतली. ट्रक जागचा हलला नाही. आता रस्त्यावर माझा ट्रक, त्याच्यामागं दुसऱ्याची लॉरी आणि कडेला तो रोलर. चऱ्होलीची निम्मी वस्ती बांधावर बसून बघत होती. शेवटी गावातल्याच दोन बैलजोड्यांनी लॉरी ओढून काढली. लॉरीवाला जाताना म्हणाला, "पुन्हा हाक मारू नका, शेठ." मी शेठ! फाटक्या ओठाचा शेठ.

रस्त्याचा ओव्हरसियर बजावून गेला. सोमवारी रोलर इथून पुढं न्यायचाय. तोवर ट्रक उचलला नाही तर त्याची माणसं तो ओढ्यात ढकलून देणार.

दुपारी मामा आले. तांब्यात ताक आणलं होतं. माझ्या ओठाकडं बघून म्हणाले, "पाव्हणं, लई लागलं न्हाई न्हवं?" मग, "रतन बरी हाय?" मग ट्रकच्या चेमटलेल्या तोंडाकडं बराच वेळ बघितलं आणि तांब्या घेऊन गेले. बैलाचं अवाक्षर नाही. भोळा माणूस. सारा वेळ त्यांची नजर बैलांवर असणार, मी काय केलं ते त्यांना कळलंच नसेल. तेवढंच बरं झालं.

मालोजीचा ताप उतरलाय. येऊन ट्रक बघून गेला. टायरच्या खुणा कुठून कुठं गेल्यात ते चालत चालत पाहिलं आणि मला म्हणाला, "मालक, ब्रेकची खूणच न्हाई की वो." मी त्याला म्हटलं, पावसानं पुसली असेल. शनिवारपासून पाऊस नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार

सासूबाई आल्या. अचानक, कुणाच्या तरी गाडीतून. मला बघून डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि सरळ आत रतनपाशी गेल्या. भिंत कुडाची, ऐकायचं म्हटलं नाही तरी ऐकू येतं.

बबनरावांनी बाजारभर केलंय. चऱ्होलीच्या भिमाजीचा, म्हणजे मामांचा बैल बुजरा, त्यानं ट्रक फोडला, असं ज्याच्या-त्याच्या तोंडी. काल चावडीवर बैठक झाली. सोमवारी पोळा. पोळ्याला वेशीच्या तोरणाखालून पहिली जोडी जाते ती भिमाजीच्या घरची, हा मान त्यांच्या आजोबांपासूनचा. वेशीत ढोल-ताशे वाजतात, पोरंसोरं बैलांच्या पायात असतात. तिथं बुजरा बैल पुढं कसा घालायचा? कुणाला शिंग लागलं तर? म्हणून यंदा हौशा मागं आणि गावातल्या अर्जुनरावांची जोडी पुढं.

"बा काय म्हणाले?" रतननं विचारलं.

"काय म्हणत्यात! मुंडासं हातात घिऊन बसलं हुतं. 'गाव म्हणल तसं' म्हणलं आन् उठून आलं. रातच्याला गोठ्यात जाऊन झोपलं."

रतन बाहेर आली. माझ्या समोर उभी राहिली. "अहो, एकदाच विचारते. हौशा वासरू होता तेव्हापासून मी त्याला पाजलंय. देहूरोडच्या फाटकात आगगाडी अंगावरून गेल्यासारखी जाते, तेव्हा तो उभ्या-उभ्या डुलकी काढतो. तो खरंच बुजला?"

मी सांगू शकलो असतो. घरातच होतो, घरचीच दोघं. पण सासूबाई दारातून बघत होत्या. माझ्या तोंडून निघालं ते असं, "बुजला म्हटलं ना एकदा! किती वेळा सांगू? माझा ओठ काय उगीच फुटला?"

त्यावर सासूबाईंनी पदराआडून म्हटलं, "जाऊ दे गं रतन. जावई म्हणत्यात तर बुजला आसंल. मुकं जनावर त्ये."

थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. लाज वाटते म्हणतात ती कानशिलात वाटते, हे मला आज कळलं. अजून कान तापलेत.

२० सप्टेंबर, शुक्रवार

लाज वाटली तरी ट्रक कुठं आपोआप उठतो? लॉरी मिळत नाही, ओढायला बैलांशिवाय दुसरं काही नाही. चऱ्होलीला गेलो.

पारावर गाडीवाले बसले होते. हीच माणसं मागच्या सालापर्यंत चाकणचा कांदा गाडीनं स्टेशनला न्यायची. माझा ट्रक आला आणि त्यांच्या गाड्या दारात उभ्या राहिल्या. मी सहा जोड्या मागितल्या. अर्जुनराव पानाला चुना लावत म्हणाले, "बैलं कशाला पाव्हणं? मोटरला भोंगा हाय न्हवं? वाजवा, भिऊन चालंल आपोआप." सगळे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

मामा पाराच्या कडेला होते. ते उठले. "उद्या न्हेऊ," म्हणाले. "परवा खांदेमळणी. तूप-हळदीनं खांदं मळलं का मग पोळा हुईस्तवर जू ठेवत न्हाईत. उद्याच काय ती येळ." मग बाकीच्यांकडं बघून, "माझा जावई हाय. न्हाई म्हणू नका."

आणि कुणी नाही म्हणालं नाही.

मी म्हटलं, मामा, नदीकडच्या वाटेनं काढू, जवळ पडेल. खरं कारण वेगळंच. ती वाट गावाबाहेरून जाते. वाकड्या तोंडाचा ट्रक बैलांना बांधून गावातून न्यायचा म्हणजे माझी वरातच. पण मामांनी मान हलवली. "न्हाई. येशीतनं जायचं."

"का पण?"

"येशीतनंच." आणि विचारलं, "भोंगा शाबूत हाय न्हवं?"

मला हसू आलं. म्हाताऱ्याला भोंग्याची मजा वाटते तर! म्हटलं, त्याला काही झालेलं नाही, मामा. पाहिजे तेवढा वाजवा.

"मी न्हाई," ते म्हणाले. "तुमी वाजवा."

रतनला येऊन सांगितलं की तुझे बा तयार झाले, आणि त्यांनी गमतीनं भोंग्याचं विचारलं. ती चुलीशी होती. तिनं चमकून माझ्याकडं बघितलं. मग परत चुलीत लाकूड सारलं.

२१ सप्टेंबर, शनिवार

अक्षर कसंही येतंय.

उजाडताच गेलो. मामांनी सुताराकडून जुन्या गाडीचा कणा चाकांसकट आणवला होता. पहारी लावून ट्रकचं तोंड उचललं, खाली तो कणा सरकवला, साखळदंडानं आवळला. ब्रेकवर मालोजी, शेजारी मी. पुढं सहा जोड्या, एकीपुढं एक. सगळ्यात पुढं अर्जुनरावांची. ट्रकला लागून मामांची, कारण खरा भार आणि खरा धक्का मागच्या जोडीवर येतो. हौशाचं ढुंगण आमच्या बॉनेटपासून हातभर. "हय्या!" झाली आणि लॉरीला जे जमलं नाही ते झालं. ट्रक मातीतून सुटला.

वेशीपाशी सारा गाव जमला होता. बायका माळवदावर, पोरं कट्ट्यावर, म्हातारे वेशीच्या दगडांना टेकून. मी खाली मान घालून बसलो होतो. वेशीच्या बरोबर तोंडात मामांनी हात वर केला. जोड्या थांबल्या.

मामा चालत माझ्या दारापाशी आले. डोकीचं मुंडासं सारखं केलं. "पाव्हणं," म्हणाले, "वाजवा."

मालोजीनं भोंग्याकडं हात नेला. मामा म्हणाले, "तू न्हाई. जावई वाजवतील."

मी वाजवला. वेशीच्या कमानीखाली तो आवाज असा घुमला की माझं मलाच दचकायला झालं. पुढच्या जोड्या उधळल्या. अर्जुनरावांचा डावा बैल दोन पायांवर उभा राहिला, त्याला आवरताना त्यांचं पागोटं धुळीत पडलं. पोरं किंचाळून पळाली.

हौशाचा एक कान हलला. बस. जबडा रवंथ करत होता तो करतच राहिला.

"आनी एकदा," मामा म्हणाले.

तेव्हा मला कळलं. इतका वेळ मठ्ठासारखा बसलो होतो, तेव्हा कळलं मला वेस कशाला हवी होती आणि भोंगा कशाला. ट्रक ओढायला होकार कशाला दिला तेही कळलं. हात भोंग्यावर होता आणि दाबवत नव्हता. मामा माझ्याकडं बघत नव्हते. रागानं बघितलं असतं तर मी बघून घेतलं असतं. ते हौशाकडं बघत होते. मी दाबला. पुन्हा कमान घुमली, पुन्हा पुढचे बैल भेदरले, आणि हौशानं शेपटीनं एक माशी उडवली.

वेशीत कुणी हसलं नाही. सगळ्यांनी आधी हौशाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. कुणी तरी म्हणायला हवं होतं, काय हो पाव्हणं, हाच का बुजरा बैल? कुणी म्हणालं नाही. मी गावचा जावई. अर्जुनरावांनी पागोट्याची धूळ झटकली आणि म्हणाले, "भिमाजीभाऊ, सोमवारी म्होरं तूच." मामा म्हणाले, "आदी ह्ये वझं न्हेऊ. चला."

आणि वर कोणी तरी कपबशीत माझ्यासाठी चहा आणला. जावयाला तसंच कसं जाऊ द्यायचं म्हणून. मी तो चहा प्यालो. सगळ्या गावादेखत, भोंगा मांडीशी धरून प्यालो. तेव्हाच खाली उतरून बोललो असतो तर? नाही बोललो. चहा गोड होता.

पुढं भोसरीच्या चढावर साखळी सैल पडली, ब्रेक धरेना, ट्रक मागं सरकायला लागला. मालोजी ओरडला. बाकीच्या जोड्या बाजूला ओढल्या गेल्या, पण हौशानं खुर रोवले आणि सगळा भार खांद्यावर घेतला. लोकांनी चाकाखाली दगड लावेपर्यंत तो तसाच उभा होता. चिंचवडला मिस्त्रीच्या वाड्यात ट्रक लावून जू उतरवलं तेव्हा जुवाला रक्त लागलेलं होतं. खांद्याची कातडी सोलली होती आणि वर बुक्कीएवढी सूज.

मामांनी आमच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नाही. बैलाला पोचायला उशीर व्हायचा म्हणाले. रतन घरातून गाठोडं घेऊन आली आणि त्यांच्याबरोबर, सोबत आलेल्या गाववाल्यांच्या गाडीत बसली. मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

२२ सप्टेंबर, रविवार. चऱ्होली

दिवसभर घरात बसवेना. तिसऱ्या प्रहरी चालत निघालो, दिवे लागायच्या आत चऱ्होलीला पोचलो.

गोठ्यात खांदेमळणी चालली होती. बैल नदीवरून धुवून आणले होते. मामांच्या हातात हळद कालवलेल्या तुपाची वाटी. गुलब्याचा, म्हणजे हौशाच्या जोडीदाराचा खांदा मळून झाला होता. हौशा कडेला उभा, मान खाली.

मला बघून सासूबाईंची धावपळ. "पाट मांड गं, जावई आलं." मी म्हटलं, पाट नको. मामांपुढं हात केला. "वाटी द्या."

"आवो, जावयानं गोठ्यात हात भरवायचं?" सासूबाई म्हणाल्या.

मामांनी माझ्याकडं बघितलं. "आसू दे," म्हणाले आणि वाटी दिली. "सुजंच्या कडंनं. जखमंला हात लावू नगासा."

मी मळत राहिलो. बैलाच्या अंगाला ऊब होती आणि सुजेभोवती ती जास्त होती. बोट जरा चुकलं तर त्याची कातडी थरथरायची, पण पाय हलवला नाही. मला वाटलं होतं मला बघून तो शिंग उगारेल. उगारलं असतं तर बरं वाटलं असतं.

"मामा," मी खाली बघूनच विचारलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"काय?"

"त्या दिवसाचं."

"म्या गाडीतच हुतो की वो," मामा म्हणाले. "तुमी मागनं कसं आला, भोंगा का वाजिवला, मागं वळून कसं बघितलं, समदं बघितलं. म्या काय झोपलो हुतो?"

काय मी शहाणा! भोळा माणूस म्हणून लिहिलंय वर. गाडी हाकणारा माणूस गाडीतच असतो, एवढं सुद्धा माझ्या म्याट्रिक झालेल्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग चावडीवर बोलला का नाहीत?"

"लेक दिलीया तुमास्नी. जावयाला गावात खोटं पाडायचं म्हंजी तिचं तोंड काळं करायचं. बैलाचा मान गेला तर एका सालाचा जातो." मामांनी कंदिलाची वात सारखी केली. "पर ह्यो बी लेकरागतच वाढवलाय. म्हून आपला भोंगा वाजवाया सांगितला. दुसरं काय करणार?"

मळून झालं की बैलाला उद्याचं आवतण द्यायचं असतं. मामा मला म्हणाले, तुमी मळला, तुमीच द्या. हौशाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणायचं असतं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." लहानपणापासून ऐकलेले शब्द. मी वाकलो आणि त्याच्या कानात ते म्हटले.

रतन दारात कंदील धरून उभी होती. तिनं ऐकलं असणार. रात्री ताट पाटाशी ठेवल्याचा आवाज आला तेवढाच.

२३ सप्टेंबर, सोमवार. पोळा

हौशाच्या पाठीवर झूल घातली नाही, खांद्याला लागली असती. नुसतं बाशिंग, शिंगांना हिंगूळ आणि गळ्यात घुंगरमाळ. तेवढ्यावरही तो उठून दिसत होता. चालताना जरा एका अंगानं झुकत होता.

वेशीपाशी तोरण बांधलेलं. मागं साऱ्या गावाच्या जोड्या, त्यात अर्जुनरावांचीही. पुढं हौशा आणि गुलब्या. बायका आरत्या घेऊन उभ्या, रतन सगळ्यांच्या पुढं. मी गर्दीत कुठं तरी मागं राहावं म्हणून सरकत होतो, तर मामांनी मला हाताला धरून पुढं आणलं आणि हौशाचा कासरा माझ्या हातात दिला.

"जावयाचा मान हाय," म्हणाले. मनात काही ठेवून म्हणाले असं नाही. सासरे जावयाला म्हणतात तसं म्हणाले.

कासरा हातात घेऊन मी तिथंच उभा राहिलो. ढोलवाला वाजवायला लागला होता. पुढं तीन पावलांवर तोरण होतं. त्याच्याखालून गेलो असतो तर सगळं मिटलं असतं, कुणी आयुष्यात कधी विषय काढला नसता. बैलाचा मान बैलाला मिळाला होताच, माझा मला मिळत होता. मी रतनकडं बघितलं. ती आरतीतल्या दिव्याकडं बघत होती.

मी ढोलवाल्याला हात केला. त्याला वाटलं मला काही लागलं. त्यानं वाजवायचं थांबवलं.

"हौशा बुजला नव्हता," मी म्हणालो.

मागचे म्हणाले, काय म्हणत्यात? मी पुन्हा मोठ्यानं म्हणालो. आज लिहितोय तसं सरळ आलं नाही, अडखळत आलं. "हौशा बुजला नव्हता. तो बुजावा म्हणून मी भोंगा वाजवला. बुजला नाही म्हणून मागं वळून बघितलं, आणि ट्रक ठोकला. मग मी खोटं बोललो. बबनरावांशी, घरात, सगळ्यांशी. बैलावर घातलं, कारण तो बोलणार नव्हता. आणि मामा बोलणार नाहीत हेही..." इथं थांबलो. कारण हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण त्याचा फायदा मात्र मी घेतला होता.

मला वाटलं, आता शिव्या पडतील. नाही तर हसतील. अर्जुनराव मागून म्हणाले, "ठावं हाय, पाव्हणं. शनवारीच समद्यास्नी कळलं. तुमी कवा सांगताय ते बघत हुतो."

एवढंच. रागही नव्हता त्यात. मामा खाली वाकले, हौशाच्या पायाशी अडकलेली फुलाची माळ सोडवली आणि म्हणाले, "चला आता. त्यो खोळंबलाय." ढोल सुरू झाला. तोरणाखालून आधी हौशा गेला आणि त्याच्यामागून कासरा धरून मी. रतननं त्याच्या पायावर पाणी घातलं, कपाळाला कुंकू लावलं, ओवाळलं. तिचे हात स्थिर होते. माझ्याकडं बघितलं नाही.

घरी आल्यावर हौशापुढं पुरणपोळीचं ताट ठेवलं. कालचं आवतण माझं होतं, म्हणून मीच ठेवलं. हुंगून त्यानं सगळं खाल्लं.

मग घरातली पुरुषमाणसं जेवायला बसली. ताटांचे आवाज येत होते. मी ओसरीवर एकटा बसलो होतो. आत जायची हिंमत नव्हती. कालपर्यंत खोटारडा असं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, आता चारशे घरांना माझ्याच तोंडून ठाऊक. रतनला इथल्या पाणवठ्यावर पुन्हा कधी यावं लागलं तर बायका काय म्हणतील, ते मनात घोळत होतं. मामांनी जे आठ दिवस झाकलं ते मी भर वेशीत उघडं केलं. बरं केलं की वाईट, मला अजूनही सांगता येत नाही.

दारात बांगड्या वाजल्या. रतन होती. पदर कमरेला खोचलेला, हाताला पुरण लागलेलं. रडलेली वाटली, पण उजेड तिच्या पाठीमागं होता, नक्की सांगता येणार नाही.

"जेवायला या," म्हणाली.

मी हात धुवायला उठलो.